चिमणीच्या उंचीवरची वाहतूक

हजार फूट उंची म्हणजे नेमकी किती, हे नागपूरजवळच्या खापरखेड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. औष्णिक वीज केंद्राकडे मान वर केली की झालं. 500 मेगावॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला 275 मीटरची चिमणी हवी, असा आपल्याकडे बरीच वर्षं नियम होता. 275 मीटर म्हणजे नऊशे फुटांना थोडं जास्त. अशा चिमणीच्या टोकापासून जेमतेम शंभर फूट वर जी पातळी येते, बहुतेक त्याच उंचीवरून जगभरातली छोटी विमानं धावपट्टीभोवती फेऱ्या मारतात. चिमणीवरचे लाल-पांढरे पट्टे आणि रात्रीचे लाल दिवे वैमानिकासाठीच असतात. पण चिमणी जागची हलत नाही आणि नकाशावर छापलेली असते. समोरून येणाऱ्या दुसऱ्या विमानाचं तसं नाही.

नागपूरला, सोनेगावच्या विमानतळावर, ही काळजी वाहायला कंट्रोल टॉवर आहे. राज्यातल्या प्रत्येक धावपट्टीला ते सुख नाही. बारामतीत टॉवर नव्हता. आसपास कोण उडतंय याची माहिती तिथल्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांमधलेच प्रशिक्षक रेडिओवरून देत. दीर्घकाळ हीच रीत होती. माहिती देणं वेगळं आणि ‘तू थांब, तू उतर’ असा हुकूम देणं वेगळं. तो अधिकार तिथे कुणालाच नव्हता.

मग विमानं एकमेकांवर आदळत का नाहीत? मुख्यतः एका काल्पनिक चौकोनामुळे. वैमानिक त्याला सर्किट म्हणतात. वाऱ्याच्या तोंडावर उड्डाण, मग डावं वळण, पुन्हा डावं वळून धावपट्टीला समांतर उलट्या दिशेने ‘डाउनविंड’, तिथून ‘बेस’ आणि शेवटी धावपट्टीच्या रेषेत ‘फायनल’. वळणं सहसा डावीकडेच, कारण मुख्य वैमानिक डाव्या खुर्चीत बसतो आणि धावपट्टी त्याच्या खिडकीतून दिसत राहते. या चौकोनाचा खरा उपयोग असा, की दुसरं विमान कुठे शोधायचं हे आधीच ठाऊक असतं.

ते ठाऊक नसेल, तर नुसत्या डोळ्यांवर फार भरवसा ठेवू नये. आपली तीक्ष्ण नजर जेमतेम दोन अंशांच्या पट्ट्यात असते. बाकीचं सगळं धूसर. दोन प्रशिक्षण विमानं शंभर नॉट वेगाने समोरासमोर आली, तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला सुमारे शंभर मीटरने घटतं. दिसणं, ते विमान आहे हे कळणं, ते आपल्यावरच येतंय हे उमजणं, निर्णय, हात हलणं आणि विमानाने वळणं, या सगळ्याला मिळून साडेबारा सेकंद लागतात, असा अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाचा हिशेब आहे. म्हणजे दुसरं विमान निदान तेराशे मीटरवर असताना दिसायला हवं. तेवढ्या अंतरावर सेस्नाचे अकरा मीटरचे पंख पौर्णिमेच्या चंद्राइतके रुंद दिसतात. उंचीला मात्र नुसती रेघ. त्यात हिवाळ्यातलं धुरकं मिसळा.

याहून वाईट म्हणजे, जे विमान खरोखर टक्कर देणार असतं, ते काचेवर सरकतच नाही. सरकणारा ठिपका बाजूने निघून जातो. एकाच जागी थिजलेला ठिपका शेवटच्या काही सेकंदांत एकदम फुगतो. आपली नजर मात्र हालचाल टिपायला सरावलेली. पंखांचीही आडकाठी असतेच. वर पंख असलेल्या सेस्नातून वरचं दिसत नाही, खाली पंख असलेल्या पायपरमधून खालचं. पायपर वर आणि सेस्ना खाली अशी ही दोन विमानं फायनलवर उतरू लागली, तर दोघांनाही समोरची धावपट्टी मोकळी वाटते.

डोळ्यांना जोड कानांची. प्रत्येकाने एकाच फ्रिक्वेन्सीवर आपली जागा, उंची आणि इरादा सांगायचा. पण अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात क्विन्सी इथे 19 नोव्हेंबर 1996 रोजी जे घडलं, ते वाचल्यावर या उपायाकडेही सावधपणे पाहावं लागतं. टॉवर नसलेल्या त्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रवासी विमानाने विचारलं, की छेदणाऱ्या धावपट्टीवरचं किंग एअर विमान थांबून राहणार आहे ना? उत्तर दिलं त्याच्या मागे उभ्या असलेल्या तिसऱ्याच विमानाने. त्यातले काही शब्द कॉकपिटमधल्याच उंची सांगणाऱ्या यंत्राच्या आवाजात बुडाले. ते उत्तर किंग एअरचंच, असं समजून प्रवासी विमान उतरलं. दोन्ही विमानं धावपट्ट्यांच्या चौकात धडकली आणि दोन्हींमधले मिळून चौदाच्या चौदा जण गेले.

त्याच्या बरोबर एक आठवडा आधी आपल्याकडे चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांच्या टकरीत 349 माणसं मेली होती. तिथे तर दिल्लीचे नियंत्रक दोन्ही विमानांशी बोलत होते. त्यानंतर भारतात मोठ्या विमानांना टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं. ते उत्तम आहे, पण जमिनीपासून साधारण हजार फुटांखाली ‘वर जा’, ‘खाली या’ हे आदेश ते मुद्दामच देत नाही. जमिनीजवळ अशी आज्ञा पाळणंच धोक्याचं. शिवाय समोरच्या विमानात ट्रान्सपॉन्डर नसेल किंवा बंद असेल, तर या यंत्राच्या लेखी ते विमान नसतंच. म्हणजे सर्किटची उंची नेमकी यंत्राच्या मौनाच्या उंबरठ्यावर येते.

त्यामुळे माझं मत चौकोनाच्या बाजूने आहे आणि तो मोडून लांबून थेट फायनलवर येणाऱ्या वेगवान विमानांच्या विरोधात. नियमाने त्यांना मनाई नाही. ऑगस्ट 2022 मध्ये कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलला एक छोटं सेस्ना 152 सर्किटमध्ये सराव करत होतं आणि दोन इंजिनांचं सेस्ना 340 थेट येत होतं. दोघंही रेडिओवर बोलत होते. मोठ्याचा वेग सुमारे 180 नॉट, उतरण्याच्या मानाने अफाट. त्या वेगाने ते छोट्याला गाठत गेलं. तीन जण गेले.

आपल्याकडे प्रशिक्षणाच्या धावपट्टीवर एखाद्या पाहुण्याचं जेट येतं, तेव्हा हेच गणित मांडलं जातं. 120 नॉटच्या जेटला दहा सागरी मैल यायला पाच मिनिटं लागतात आणि शिकाऊ वैमानिकाची सर्किटची एक फेरीही साधारण तेवढ्याच वेळात होते. जेटची हाक आली तेव्हा तो डाउनविंडवर असेल, तर जेट पोहोचेपर्यंत तो उतरून, पुन्हा उडून तिथेच आलेला असू शकतो. म्हणून एकदा हाक देऊन भागत नाही. दहा मैलांवर, पाचवर, तीनवर पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. याहून बरं म्हणजे जेटने सर्किटच्या बऱ्याच वरून एक चक्कर मारावी, वाऱ्याचा मोजा पाहावा, खाली कोण कुठे आहे ते मोजावं आणि डाउनविंडला रांगेत शिरावं. पाहुण्याला पाच मिनिटं उशीर होईल, एवढंच.