कुठल्या बसने आलात?

रविवारी सकाळी सव्वाआठला मावशी चर्चचं कपाट उघडतात तेव्हा आत आणखी कोणी आलेलं नसतं. कपाटात उपासनासंगीताच्या प्रती असतात. काही नव्या, बऱ्याचशा पाठीला खाकी पट्टी चिकटवलेल्या, दोन-तीन नुसत्या दोऱ्याने बांधलेल्या. मावशी त्यांचे दोन गठ्ठे करतात. धड प्रती दाराच्या डाव्या हाताच्या टेबलावर, नव्या माणसांसाठी. फाटक्या उजवीकडे, जुन्यांसाठी.

"जुन्यांना गाणी पाठच असतात," त्या म्हणाल्या. "त्यांना पुस्तक धरायला लागतं, वाचायला नाही."

पिंपरीच्या कारखान्यांच्या पट्ट्यातलं हे मराठी चर्च. मी ख्रिस्ती नाही. ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर एकदा आलो, दारातल्या या बाईंकडे बघत बसलो आणि मग पावसाळा संपल्यापासून नाताळ जवळ येईपर्यंत जवळजवळ दर रविवारी येत राहिलो. पहिल्या वेळी वही घेऊन मागच्या बाकावर होतो. दुसऱ्या रविवारी मावशींनी माझी वही कपाटात टाकली आणि हातात पुस्तकं दिली. "उभंच राहायचंय तर कामाचं उभं राहा."

मावशी चर्चच्या नोकर नाहीत. कमिटीतही नाहीत. एका शाळेत शिपाई होत्या, आता निवृत्त आहेत. येणाऱ्याच्या हातात पुस्तक द्यायचं आणि तो कुठे बसेल ते बघायचं, एवढं काम त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःकडे घेतलंय. पाळकसाहेब वेदीकडून सगळी मंडळी बघतात, मावशी दारातून एकेक माणूस बघतात. नवा माणूस चपलांपाशीच ओळखू येतो, असं त्यांचं म्हणणं. तो चप्पल काढायची की नाही म्हणून इतरांच्या पायांकडे बघतो. मग आत डोकावून मागची जागा रिकामी आहे का ते पाहतो. मागची दोन बाकं मावशी मुद्दाम मोकळी ठेवतात. नेहमीचा कोणी आळसाने तिथे टेकला तर त्याला नावाने हाक मारून पुढे पिटाळतात.

आणि मग नव्या माणसाला एकच प्रश्न विचारतात: "कुठल्या बसने आलात?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाई सहज बोलायचं म्हणून बोलतायत. पण तो प्रश्न कमावलेला आहे. माणूस म्हणतो, भोसरीहून आलो, बस चुकली, रिक्षा केली. मावशी म्हणतात, रविवारी ती बस उशिराच असते, पुढच्या वेळी निगडीच्या बसने या आणि चौकात उतरून चाला. एवढ्यात पुस्तक त्याच्या हातात गेलेलं असतं, आणि 'पुढच्या वेळी' हे दोन शब्दही.

हा प्रश्न त्यांनी का निवडला हे कळायला नगर जिल्हा माहीत असावा लागतो. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय. या चर्चमध्ये बोलताना मात्र अजून नगरच.) इथली निम्मीअधिक घरं मूळची तिकडची, बाकीची जालना, सोलापूर, थोडी विदर्भातली. पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, पुढे टेल्को आली, बजाज आली, आणि मिशनच्या शाळांत शिकलेली पोरं फिटर-टर्नर व्हायला इकडे आली. नगरच्या माणसाला दुसरा नगरचा भेटला की तीन प्रश्न ठरलेले. कुठले तुम्ही? शेवगावचे म्हटलं, की शेवगावात कुठले? आणि तिसरा: मिशन कोणतं?

अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला ठाणं मांडलं. पुढे त्याच जिल्ह्यात इंग्रजांचं एस.पी.जी. मिशन आलं, मुक्तिफौजही आली. शेजारशेजारच्या गावांत वेगळ्या मिशनच्या शाळा, वेगळी चर्चं, आणि सोयरिकी जमवताना त्याचाही हिशेब. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा पंथ मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा अमेरिकन मिशनवाले आणि एस.पी.जी.वाले कागदावर एका मंडळीत आले. बाकावर एकत्र यायला जास्त वेळ लागला. प्रार्थना सुरू झाली की मावशी मला हळूच दाखवतात: "गुडघ्यावर गेले ते एस.पी.जी.चे. बसल्या जागी मान घातली ते आपले." आणि 'आपले' तोंडातून गेल्यावर जीभ चावतात.

या तीन प्रश्नांनी दार उघडतं हे खरं. नव्या माणसाचा मामा कुणाच्या तरी वर्गात होता असं निघतं, दुपारी जेवायला बोलावणं होतं. मी स्वतः पाहिलंय, दोन म्हाताऱ्या एका बोर्डिंगचं नाव निघाल्याबरोबर हात धरून रडल्या. पण त्याच प्रश्नांनी माणूस तोललाही जातो. गावापाठोपाठ गल्ली, गल्लीपाठोपाठ आडनाव, आणि आडनावापाठोपाठ ते, जे चर्चमध्ये कोणी तोंडाने विचारत नाही पण कानाने ऐकून घेतं. शिवाय कागदांची गोष्ट आहे. राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलती आधी फक्त हिंदूंना होत्या. 1956 मध्ये त्या शिखांना मिळाल्या, 1990 मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणून एखाद्याच्या दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, असं असू शकतं. अशा माणसाला दारातच पूर्ण नाव विचारणं म्हणजे त्याला घाम फोडणं.

हे सगळं मला ठाऊक होतं. वाचलेलं होतं. तरीही चौथ्या रविवारी मी माती खाल्ली.

एक तरुण जोडपं आलं होतं. कडेवर वर्षाचं मूल. तो चाकणला कंत्राटावर कामाला, रात्रपाळी करून थेट आलेला, डोळे लाल. उपासना संपल्यावर चहा घेताना मी त्याच्याशी बोललो. नाव विचारलं, त्याने पहिलं नाव सांगितलं. मी म्हटलं, "आणि आडनाव?" त्याने पुन्हा पहिलंच नाव सांगितलं, जरा मोठ्याने, मला ऐकू आलं नसेल असं समजून. आणि मी, मूर्खासारखा, "नाही, मूळ गाव कुठलं मग?" त्याने कप ठेवला. बायकोला म्हणाला, चल, बस निघेल.

पुढचे तीन रविवार ते आले नाहीत. पहिल्याच रविवारी मावशींनी पुस्तकं मोजली आणि माझ्याकडे बघितलं. "काहीतरी विचारलंत ना तुम्ही?" मी कबूल केलं. त्या काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी मला पुस्तकं वाटायला दिली नाहीत, मात्र चहाची भांडी दिली.

दुसरा घोळ चर्चचा स्वतःचा आहे. घोषणांच्या वेळी सेक्रेटरी माइकवर म्हणतात, आज आपल्यात कोणी नवीन असतील तर त्यांनी कृपया उभं राहावं. हेतू चांगला. उभा राहिलेल्याला टाळ्या मिळतात. पण मी मागे उभा राहून बघत होतो. दहांतले सात उभेच राहत नाहीत. ते खाली बघतात, मुलाच्या बुटाची नाडी बांधतात. उभे राहतात ते बहुधा आधीच सरावलेले, बदलीवर आलेले अधिकारी किंवा दुसऱ्या शहरातल्या चर्चचे जुने सभासद. मावशींनी ही पद्धत बंद करा असं कमिटीला दोनदा सांगितलं. कमिटीने ऐकून घेतलं.

टाळ्यांच्या पुढचं काम रजिस्टरचं असतं, आणि ते कोरडं. आधीच्या मंडळीकडून पत्र आणायचं, बाप्तिस्म्याचा दाखला दाखवायचा, महिन्याची वर्गणी सुरू करायची. मग नाव चढतं. नाव असेल तर मुलीच्या लग्नाची घोषणा इथे होते, आणि घरात कोणी गेलं तर कब्रस्तानातल्या जागेसाठी धावाधाव करावी लागत नाही. शहरात ही दुसरी बाब किती मोठी आहे ते भाड्याच्या खोलीत आजारी आई असलेल्या माणसाला विचारावं.

इथे एक माणूस आहे. पन्नाशीचा, गॅरेज चालवतो. चर्चच्या गायनात ढोलकी त्याची. तो मुक्तिफौजेतला. मुक्तिफौज 1882 मध्ये मुंबईला उतरली. तिचा म्होरक्या फ्रेडरिक टकर हा गोरा अधिकारी, पण त्याने भगवे कपडे घातले आणि फकीरसिंग नाव घेतलं. फौजेत बाप्तिस्मा देत नाहीत, प्रभुभोजनही नाही. शिपाई व्हायचं ते झेंड्याखाली उभं राहून. म्हणजे या माणसाकडे दाखला नाहीच, हरवलेला नव्हे, मुळातच नाही. पाळकसाहेबांनी सांगितलं, बाप्तिस्मा घ्या, नाव चढवू. तो म्हणाला, जन्मापासून ख्रिस्ती आहे, आता पन्नासाव्या वर्षी डोक्यावर पाणी घेऊन नव्याने काय होऊ? दोघेही भले. दोघेही हटेनात. मुलांचे बाप्तिस्मे झाले, बापाचा नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी सगळे रांगेने पुढे जातात तेव्हा तो ढोलकी मांडीवर घेऊन तिथेच बसून राहतो.

नारायण वामन टिळकांनी या माणसासाठी काहीतरी योजलं होतं असं मला उगाच वाटतं. स्वतः 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी आयुष्याच्या शेवटी, 1917 मध्ये, मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत टिळकच गेले. आणि त्यांच्याच घरात दाराशी किती काळ थांबावं लागतं ते लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलंय. नवऱ्यामागून बाप्तिस्मा घ्यायला त्यांना पाच वर्षं लागली, 1900 साल उजाडलं. नवऱ्याकडे राहायला आल्या तरी सोवळं एका दिवसात सुटलं नाही. 'स्मृतिचित्रे' मी कॉलेजात विनोदासाठी वाचलं होतं. या दारात उभं राहिल्यावर ते नव्याने आठवायला लागलं.

दिवाळीनंतर कापणीचा सण झाला. चर्चपुढच्या मांडवात लोकांनी आणलेल्या वस्तूंचा लिलाव. ज्वारीची कणसं, ऊस, भोपळे, अंडी, केक, पापड, दोन जिवंत कोंबड्या. शेती कुणाकडे राहिलेली नाही, भोपळा मंडईतून आलेला. एरवी आवाज न चढवणारे पाळकसाहेब लिलावात गावच्या बाजारातल्या व्यापाऱ्यासारखे ओरडत होते. एकच भोपळा तीनदा विकला गेला, कारण घेणारा पैसे भरून तो परत मांडवात ठेवी. एका उकडलेल्या अंड्यासाठी दोन व्याही इरेला पेटले आणि ते साडेतीनशेला गेलं.

त्या गर्दीत मला चाकणचं जोडपं दिसलं. मी खांबाआड झालो. बायकोच्या हातात उपासनासंगीत होतं, वर्तमानपत्राचं नीट कव्हर घातलेलं. पहिल्या दिवशी घाईत निघताना ते पिशवीतच राहिलं होतं. तिने ते मावशींना दिलं आणि काहीतरी पुटपुटली. मावशींनी कव्हर उलटसुलट करून पाहिलं. "छान घातलंय. आणखी चाळीस आहेत, बसतेस का?" ती मांडवाच्या कडेला बसली. कोणीतरी जुने पेपर आणले, कोणीतरी कात्री. मूल माझ्या ओळखीच्या कुटुंबातल्या आजींकडे गेलं. नवरा थोडा वेळ हात खिशात घालून उभा होता. तेवढ्यात एक कोंबडी सुटली, आणि मांडवातून, चपलांमधून, केकच्या टेबलाखालून तिच्यामागे जी माणसं धावली त्यांत तो होता. पकडली त्यानेच. पाळकसाहेब माइकवरून ओरडले, "चाकणवाल्यांनी धरली! आता बोली त्यांच्यापासून!" तो लाजला, आणि दोनशे म्हणाला.

आडनाव मला अजून माहीत नाही.

नाताळाआधीच्या एका रविवारी, चहा संपल्यावर, मी मावशींना विचारलं, हे दारातलं काम तुमच्याकडे कसं आलं? त्या पुस्तकं मोजत होत्या. म्हणाल्या, बहात्तरच्या दुष्काळात आम्ही आलो. त्या तेव्हा नऊ वर्षांच्या. आईवडील गावाकडे दुष्काळी कामावर खडी फोडत होते, मग तेही पुरेना म्हणून वडिलांनी पिंपरी गाठली. पहिल्या रविवारी चौघं या चर्चला आले ते चालत. मागच्या बाकावर बसले. पुस्तक एकही मिळालं नाही. आईला वाचता येत नव्हतं, पण गाणी सगळी पाठ. ती पुस्तकाशिवाय गायला लागली तेव्हा पुढच्या दोन बायकांनी वळून बघितलं. "कशाला बघितलं ते अजून कळलं नाही मला. आवाज चांगला होता म्हणून, का लुगडं फाटकं होतं म्हणून."

एवढ्यात दारातून एक नव्वदीच्या आजी नातवाच्या आधाराने बाहेर पडत होत्या. टेल्कोच्या सुरुवातीच्या काळापासूनचं घर त्यांचं. माझ्याकडे बघून त्यांनी नातवाला विचारलं, हा कोण? नातू म्हणाला, मावशींबरोबर असतो, पुस्तकं वाटतो.

"कोण मावशी?" आजींनी डोळे बारीक केले. "हां, ती. ती दुष्काळातली."

मावशींनी ऐकलं. हसल्या, शेवटचा गठ्ठा कपाटात सरकवला आणि मला म्हणाल्या, "कुलूप लावा. आणि एक पुस्तक कमी भरतंय, ते शोधू नका."