कापसाच्या जमिनीचे मुद्दल

या पानाचे बहुतेक वाचक सूत, कापड, जिनिंग, यंत्रमाग, शिवणकाम अशा धंद्यांतले आहेत. शेतीशी आपला संबंध एवढाच, की पीक बुडाले की सुताचा भाव चढतो आणि खेड्यातली उधारी अडकते. त्यामुळे जमिनीविषयी लिहिले तर काही जण म्हणतील की हे शेतकी मासिकाचे काम आहे. आम्हांला तसे वाटत नाही. तागा विकणाऱ्याला सुताची पारख हवी आणि सूत काढणाऱ्याला रुईची पारख हवी, हे आपण मानतोच. मग रुई ज्या मातीतून येते तिची थोडी माहिती असली तर बिघडले कुठे?

महाराष्ट्रात साधारण ४० लाख हेक्टरांवर कपाशी असते. विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्यातली यातली बहुतेक जमीन कोरडवाहू आहे. क्षेत्राच्या बाबतीत आपले राज्य देशात पुढे आहे, पण हेक्टरी उतारा देशाच्या सरासरीपेक्षाही कमी. पावसाची लहर, बोंडअळी, बियाणे ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. एक कारण मात्र गुपचूप काम करते, आणि ते म्हणजे मातीतला सेंद्रिय कर्ब.

२०१५ साली केंद्र सरकारने मृदा आरोग्य पत्रिकेची योजना काढली. ही पत्रिका एखाद्या शेतकऱ्याच्या घरी पाहायला मिळाली तर ‘सेंद्रिय कर्ब’ ही ओळ वाचावी. ०.५० टक्क्यांच्या खाली आकडा असला तर जमीन कमी प्रतीची, ०.५० ते ०.७५ मध्यम आणि त्यावर चांगली, असा सर्वसाधारण हिशेब आहे. या आकड्याला १.७२ ने गुणले की मातीतले एकूण सेंद्रिय द्रव्य अंदाजे कळते. कुजलेली मुळे, पाला, शेण आणि मेलेले जीवजंतू यांचे मिळून जे काळपट द्रव्य मातीच्या कणांना चिकटून राहते, ते हे. काळी माती काळी दिसते म्हणून तिच्यात ते भरपूर असेल, असा समज मात्र चुकीचा आहे. काळ्या रानाचा रंग पुष्कळदा फसवतो; पत्रिकेत तेथेही ०.५० च्या खालचा आकडा निघतो.

हे द्रव्य असले की मातीचे ढेकूळ भुसभुशीत राहते, पाऊस वाहून न जाता आत मुरतो आणि नत्राचा साठा हळूहळू पिकाला मिळत राहतो. कोरडवाहू कपाशीला पात्या-फुले लागताना पंधरा-वीस दिवस पावसाने दडी मारली, तर ज्या रानात पाणी मुरलेले असते तेथे पात्या टिकतात, दुसरीकडे गळतात. बाजारात आपल्याला नुसता ‘आवक कमी’ एवढाच शब्द ऐकू येतो.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हे जमिनीचे मुद्दल आहे. एका एकरातली वरची १५ सेंटिमीटर माती घेतली तर तिचे वजन सुमारे ८ लाख किलो भरते. कर्बाचा आकडा ०.१ टक्का वाढवायचा म्हणजे एकरात ८०० किलो कर्ब, अर्थात जवळजवळ १,४०० किलो सेंद्रिय द्रव्य कायमचे जमा करायचे. आणि टाकलेले सगळे काही जमा होत नाही. शेणखत किंवा पाला मातीत गेला की सूक्ष्म जंतू तो खातात, आणि त्यातला मोठा भाग वर्षभरात वायू होऊन उडून जातो. आपल्याकडची उष्णता या जंतूंना भलतीच मानवते. थंड मुलखात जे द्रव्य दहा वर्षे टिकेल ते येथे लवकर खर्ची पडते. म्हणून ‘एका हंगामात कर्ब दुप्पट’ अशी जाहिरात करणाऱ्या बाटल्या आणि पुड्या कोणी विकायला आणल्या, तर वरचा हिशेब त्याच्यापुढे मांडावा.

खर्च वाढविणारी दुसरी गोष्ट म्हणजे मशागत. नांगर आणि रोटाव्हेटर मातीचे ढेकूळ फोडतात, आत दडलेल्या द्रव्याला हवा लागते आणि जंतूंची चंगळ होते. बैलाच्या वखराने वरचेवर चाळलेले रान आणि ट्रॅक्टरने दरवर्षी खोल उलथलेले रान यांत हा फरक पडतो. नांगरट अजिबात नको असे आमचे म्हणणे नाही. दरवर्षी खोल नांगरटीची गरज असतेच असे नाही, एवढेच.

आता आपल्या धंद्यातली एक गोष्ट. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण ३४-३५ किलो रुई आणि ६३-६४ किलो सरकी निघते. रुई म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. ती हवा, पाणी आणि सूर्यप्रकाश यांपासून बनलेली असते. तिच्यात जमिनीचे नत्र, स्फुरद, पालाश नाममात्रच असते. म्हणजे भिवंडीला गेलेल्या गाठीने रानाचे फारसे काही नेलेले नसते! नेते ती सरकी. पूर्वी सरकीची ढेप गावच्या बैलांना, म्हशींना मिळे, त्यांचे शेण उकिरड्यावर जाई आणि उकिरडा रानात परत येई. आता बैल कमी झाले, ढेप शहराजवळच्या गोठ्यांत जाते, आणि गावात उरलेल्या शेणाच्याही गोवऱ्या होतात. गाठ बाहेर गेल्याने जमीन गरीब होत नाही. ढेपेचा परतीचा रस्ता बंद झाला, त्याने होते. कापसाला ‘जमीन खाणारे पीक’ म्हणतात तेव्हा ही बाजू कोणी पाहत नाही.

पिकांची फेरपालट हा जमाखर्चाचा दुसरा भाग. मराठीत यासाठी ‘बेवड’ हा एक नामी शब्द आहे. आधीच्या पिकाने पुढच्या पिकासाठी रान ज्या स्थितीत सोडले तो त्याचा बेवड. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले; या अर्थाचा एकच नेमका शब्द आम्हांला उर्दूत सापडला नाही. हरभऱ्याचा बेवड चांगला, तिळाचा वाईट, असे जुने शेतकरी सहज बोलून जातात.

कपाशी सोटमुळाची. रोपांमध्ये अंतर फार, मधली जमीन महिनोन्‌महिने उघडी, आणि कोळपणी चालूच. ज्वारी गवताच्या जातीची; तिची तंतुमुळे मातीच्या वरच्या थरात जाळ्यासारखी पसरतात आणि कापणीनंतर तेथेच कुजतात. तूर मुळांच्या गाठींतून हवेतले नत्र ओढते, तिचे मूळ खोल जाते, आणि पानगळ इतकी होते की झाडाखाली पाल्याचा थर दिसतो. म्हणून कापूस एक वर्ष, ज्वारी दुसऱ्या वर्षी, आणि कपाशीच्या सहा-आठ ओळींनंतर तुरीची एक ओळ, ही वऱ्हाडातली जुनी रीत जमिनीच्या दृष्टीने शहाणपणाची होती. शिवाय ज्वारीच्या कडब्यावर जनावरे जगत आणि शेणखत मिळे.

१९९० नंतर ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. सोयाबीनही द्विदल आहे, तेव्हा फेरपालट झालीच असे कोणी म्हणेल. काही अंशी ते खरे आहे, आणि त्यामागून हरभरा घेतला तर रान आणखी काही महिने झाकलेले राहते. पण सोयाबीनचा पाला-काडी थोडी आणि झटपट कुजणारी. कडबा तर नाहीच. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यानंतर कित्येक रानांत तर वर्षामागून वर्ष कपाशीच राहिली. वर फरदड! पहिली वेचणी झाल्यावर पाणी देऊन झाड मार्चपर्यंत उभे ठेवायचे. चार पैसे जास्त मिळतात. मात्र रब्बीचे पीक जाते आणि बोंडअळीला घर मिळते.

फेरपालटीने खरोखर किती फरक पडतो, याची कापसावरची सर्वांत जुनी परीक्षा अमेरिकेत चालू आहे. अलाबामा राज्यातल्या ऑबर्न येथे प्रा. डगर यांनी १८९६ साली १३ वाफ्यांत ती सुरू केली. ‘ओल्ड रोटेशन’ या नावाने ती ओळखली जाते. एका वाफ्यात तेव्हापासून दरवर्षी फक्त कापूस, ना नत्रखत ना द्विदल पीक. दुसऱ्यांत कापसानंतर हिवाळ्यात क्लोव्हर, वेच अशी द्विदल चाऱ्याची पिके पेरून वसंतात मातीत मिसळतात. तिसऱ्यांत कापूस आणि मका आलटून पालटून, तर कोठे तीन वर्षांची लांब फेरपालट. शंभरावर वर्षांचा निष्कर्ष असा, की नुसत्या कापसाच्या वाफ्यात उत्पन्न आणि सेंद्रिय द्रव्य दोन्ही तळाला राहिले. हिवाळी द्विदल पिकाने नत्रखताच्या तोडीचा कापूस दिला आणि मातीही सुधारली. लांब फेरपालटीचे वाफे सेंद्रिय द्रव्यात पुढे राहिले.

त्याच १८९६ साली, ऑबर्नहून जवळच असलेल्या टस्कीगीच्या संस्थेत जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर रुजू झाले. गुलामीत जन्मलेला हा कृषिशास्त्रज्ञ गरीब कृष्णवर्णीय कुळांना हेच सांगत राहिला: कापसाने थकलेल्या रानात चवळी आणि भुईमूग लावा. अडचण अशी होती की सावकाराला आणि जमीनदाराला कापूसच हवा असे, कारण तो लगेच विकला जाई. पुढे बोंडकिड्याने कापूस उद्ध्वस्त केला तेव्हा अलाबामातल्या कित्येकांनी भुईमूग धरला. एंटरप्राइज गावाने तर १९१९ मध्ये त्या किड्याच्या नावाने स्मारकच उभारले. कर्जदाराला काय विकत घ्यायचे आहे यावरून रानातले पीक ठरते, ही गोष्ट आपल्यासारख्या देवघेव करणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ऑबर्नची रीत जशीच्या तशी येथे चालणार नाही. तेथे हिवाळ्यात पाऊस पडतो, आपल्याकडे ते महिने कोरडे. आपल्याला उपाय पावसाळ्यातच शोधावा लागतो: तुरीच्या ओळी, कपाशीत मूग किंवा उडीद, अधूनमधून ज्वारी, आणि पाण्याची सोय असेल तेथे ताग किंवा धैंचा गाडणे. आणि पऱ्हाटी.

पऱ्हाटीबद्दल जुना धडा इंदूरचा आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासून तेथील संस्थेत कापसावर काम केले आणि ‘इंदूर पद्धत’ म्हणून कंपोस्टची रीत बसविली. यशवंत वाड यांच्यासह लिहिलेले त्यांचे पुस्तक १९३१ मध्ये निघाले. पऱ्हाटी आणि तुरीच्या काड्या टणक, लवकर कुजत नाहीत. ते त्या शेतातल्या रस्त्यावर पसरीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली भरडून घेत. मग शेण आणि मातीबरोबर कुजविणे सोपे. आज तेच काम ट्रॅक्टरचा श्रेडर करतो. कच्चा भुगा सरळ मातीत मिसळला तर मात्र कुजविणारे जंतू मातीतलेच नत्र ओढून घेतात आणि पुढचे पीक पिवळे पडते. म्हणून त्याबरोबर शेणखत किंवा थोडा युरिया द्यावा लागतो.

२०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भात हाहाकार केला, तेव्हापासून पऱ्हाटी रानात उभी ठेवू नका, असे कृषी खाते सांगते. ते बरोबर आहे. पण त्याचा अर्थ जाळा असा घेतला जातो, आणि जाळली की कर्ब आणि नत्र हवेत, राख तेवढी मागे. श्रेडरने भुगा करून कुजविले तर अळीचीही सोय लागते. काही ठिकाणी पऱ्हाटीच्या ब्रिकेट, म्हणजे ‘पांढरा कोळसा’, बनविण्याचे कारखाने निघाले आहेत. धंदा वाईट नाही. जाळून टाकण्यापेक्षा शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात. ज्या वाचकांना त्यात उतरायचे आहे त्यांनी पऱ्हाटी विकत घेताना बदल्यात शेणखत किंवा कंपोस्ट देण्याची सोय पाहावी, नाहीतर काही वर्षांनी त्याच गावात पऱ्हाटीही बारीक मिळेल.

शेवटची गोष्ट आपल्यापैकी ज्यांची वडिलोपार्जित शेती आहे त्यांच्यासाठी. दुकान शहरात आणि रान एका वर्षाच्या ठोक्याने, हा प्रकार सर्रास चालतो. एक वर्षाचा ठोकेदार शेणखत कशाला टाकील आणि तूर-ज्वारी कशाला लावील? पुढच्या वर्षी रान दुसऱ्याकडे जाणार, हे त्याला ठाऊक असते. त्यात त्याचा दोष नाही. निदान तीन वर्षांचा लेखी ठोका करावा, त्याबद्दल रक्कम थोडी कमी घ्यावी, आणि कागदात फेरपालट, तुरीची ओळ आणि पऱ्हाटी न जाळणे हे लिहावे. सुरुवातीला आणि अखेरीस माती तपासून घ्यावी. पेरणीपूर्वी, खत टाकण्याआधी, रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी १५-२० सेंटिमीटर खोल खड्डे घ्यावेत. प्रत्येक खड्ड्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडावी, एकत्र करून सावलीत वाळवावी आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत भरून प्रयोगशाळेत द्यावी. बांधाजवळची, झाडाखालची आणि उकिरड्याच्या जागेची माती घेऊ नये. दोन्ही वेळी नमुना त्याच महिन्यात आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत द्यावा, म्हणजे तीन वर्षांचे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचता येतात.