विश्लेषण : आपल्यावरचा लेख छापण्याआधी काय तपासावे? राजा दीनदयाळ यांचे उदाहरण काय सांगते?

पालम असो वा परभणी, सेवानिवृत्तीचा सत्कार किंवा शाळेची स्मरणिका म्हटली की कोणाचा तरी परिचय छापला जातो. छपाईआधी मजकूर दाखवला, तर बरेच जण ‘बरोबरच असेल’ म्हणत न वाचताच परत देतात. निजामाच्या दरबारातील छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी मात्र आपली हकिकत दुसऱ्यावर सोडली नाही.

कोण होते दीनदयाळ?

१८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना येथे त्यांचा जन्म झाला. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात ते अभियांत्रिकी शिकले आणि इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले. नोकरी करता करताच ते कॅमेऱ्याकडे वळले. पुढे व्हाइसरॉय आणि राणी व्हिक्टोरिया यांचे छायाचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली. सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना ‘राजा’ आणि ‘मुसव्विर जंग’ हे किताब दिले. त्या काळी परभणी जिल्हाही निजामाच्याच राज्यात होता. १९०५ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुस्तक कोणाचे, छायाचित्रे कोणाची?

ब्रिटिश अधिकारी सर लेपल ग्रिफिन बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर दीनदयाळ यांना सोबत घेऊन गेले. त्यांनी टिपलेल्या वास्तूंवर १८८६ मध्ये ‘फेमस मॉन्युमेंट्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे पुस्तक निघाले. पुस्तक ओळखले जाते ते ग्रिफिन यांच्या नावाने. जड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन केलेले काम मात्र दीनदयाळ यांचे होते.

त्यांनी काय केले?

आपल्या छायाचित्रण कारकिर्दीची छोटी हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली. सुरुवात कशी झाली, सर हेन्री डॅली यांनी कसे प्रोत्साहन दिले, ग्रिफिन यांच्यासोबत काय काम केले, हे त्यात येते. आज अभ्यासक ही हकिकत आधाराला घेतात.

मग स्वतः लिहिलेले पुरेसे का?

नाही. सिकंदराबाद, इंदूर आणि मुंबई अशा तीन ठिकाणी त्यांचे स्टुडिओ होते. हैदराबादच्या जनाना स्टुडिओत पडदानशीन स्त्रियांचे फोटो एक ब्रिटिश महिला काढत असे. फोटोवर शिक्का संस्थेचा, पण मेहनत अनेकांची. एकट्याच्या नावाने लिहिलेल्या परिचयात हीच माणसे आधी गळतात.

तुमच्या हाती मजकूर आला तर?

• नाव, गाव, वर्षे आणि पदे कागदपत्रांशी ताडून पाहा.
• कोणते काम तुमचे, कोणते सहकाऱ्यांचे, हे स्पष्ट आहे का ते बघा.
• राहून गेलेली नावे तुम्हीच सुचवा. ती लेखकाला ठाऊक नसतात.
• चूक असेल तर लेखी कळवा. फोनवरची दुरुस्ती विसरली जाते.
• लेखकाचे मत पटले नाही म्हणून ते खोडू नका. तपशील तुमचा, मत त्याचे.

हे का महत्त्वाचे?

दीनदयाळ यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने जतन केल्या आहेत. २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीटही निघाले. सर्वसामान्य माणसाच्या वाट्याला असा संग्रह येत नाही. पन्नास वर्षांनी नातवंडांच्या हाती स्मरणिकेतले एक पानच उरते. म्हणून त्यातले वर्ष आणि नाव छपाईआधीच बरोबर असलेले चांगले.