साखरेचा शेअर कधी घ्यावा?

बेळगावात चहाच्या टपरीवर एखाद्या शेअरची चर्चा रंगू लागते, तोवर तो बहुधा बराच वर जाऊन बसलेला असतो. दाखला घरचाच आहे. मुनोळीला कारखाना असलेली बेळगावची श्री रेणुका शुगर्स 2005 मध्ये बाजारात नोंदली गेली. 2010 च्या सुरुवातीला जगात कच्ची साखर जवळपास तीस वर्षांतल्या उच्चांकावर होती, शेअर शंभरीपार होता आणि त्याच तेजीत कंपनीने ब्राझीलमधले कारखाने घेतले. पुढे साखर उतरली, कर्ज मात्र राहिले. 2015 मध्ये तिथल्या उपकंपनीला न्यायालयाचे संरक्षण मागावे लागले. 2020 मध्ये शेअर दहा रुपयांच्याही खाली होता. 2022 मध्ये उसापासून बनणाऱ्या इथेनॉलची हवा झाली आणि तोच शेअर साठीपार गेला.

म्हणजे पडलेला शेअर घ्यावा? तेही इतके सोपे नाही. ‘आता तळ गाठला’ म्हणत वीसला घेणाऱ्याचेही मधल्या काळात निम्म्याहून जास्त गेले. उसाला द्यायचा किमान भाव (एफआरपी) केंद्र सरकार ठरवते, साखरेचा भाव मुख्यतः बाजार. कारखान्याचा नफा या दोहोंच्या कात्रीत असतो. त्यामुळे घ्यायचाच तर टप्प्याटप्प्याने, बुडाले तरी घर हलणार नाही एवढ्याच पैशात, आणि आधी ताळेबंदातला कर्जाचा आकडा पाहून.