उत्रोलीपासून तलवाड्यापर्यंत

भोर शहराला लागूनच उत्रोली आहे. १५ डिसेंबर १८३१ रोजी रामोशांच्या बंडाचे नेते उमाजी नाईक इथेच पकडले गेले. इंग्रजांनी त्यांच्यावर दहा हजार रुपये आणि चारशे बिघे जमीन असं इनाम लावलं होतं, आणि फितुरी घरातलीच निघाली. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्यांना फाशी झाली.

त्या वर्षी कार्ल मार्क्स तेरा वर्षांचा होता. हे मुद्दाम सांगतो, कारण गोरगरिबांच्या सशस्त्र उठावामागे आधी पुस्तक शोधायची आपल्याला खोड आहे. उमाजींच्या मागे पुस्तक नव्हतं. पुरंदरच्या राखणीचा रामोशांचा पिढीजात हक्क गेला, आणि त्याबरोबर भाकरीही गेली आणि गावातला मानही. तुरुंगात लिहावाचायला शिकलेल्या या माणसाने १८३१ मध्ये जाहीरनामा काढला: कंपनी सरकारला सारा भरू नका.

पुढे याच भोर-वेल्ह्याने काय कमी सोसलं? संस्थानी अंमल होता, वरकस जमीन, डोंगरउतारावरची नाचणी-वरई, आणि खाचरं तर इतकी लहान की बैल वळवताना बांध लागतो. भाटघरचं धरण १९२८ साली पुरं झालं. पाणी गेलं नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणच्या उसाला. गावं बुडाली ती इथली. उन्हाळ्यात धरण आटलं की कांबऱ्याचं कांबरेश्वराचं देऊळ वर येतं आणि लोक पायी जाऊन दर्शन घेतात. ओल्या गाळात उभं राहून त्या दगडी भिंतींवरची पाण्याची रेघ पाहिली की पोटात कालवतं. शेजारच्या मुळशीत तर १९२१ मध्ये सेनापती बापटांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला.

तरी इथे लाल बावट्याचं बंड झालं नाही. त्याचं कारण, मला वाटतं, मुंबई. घरटी एक गडी गिरणीत, गोदीत किंवा हमालीला गेला आणि मनिऑर्डरीवर घर तगलं. या मावळपट्ट्यातल्या माणसाला लाल बावटा भेटला तो गिरणगावात, १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात. तिथे युनियन होती, मागणी करायला एक दार होतं. आणि गावी, कितीही तुटपुंजी असो, नावावर जमीन होती.

डहाणू-उंबरगावच्या वारल्याला यातलं काहीच नव्हतं. जमीन सावकाराने गिळली होती. लग्नासाठी चार पैसे उचलले की नवरा-बायको दोघंही मालकाचे बांधील. अशा गड्याला लग्नगडी म्हणत. वर वेठ आणि फटके. जन्माने पुण्याच्या असलेल्या, किसान सभेच्या गोदावरी परुळेकर १९४५ मध्ये तिथे पोचल्या आणि झरी गावच्या सभेत वेठबिगारी बंद करायचं ठरलं. मजुरी मागितली दिवसाला बारा आणे. १० ऑक्टोबरला तलवाड्याला बाई येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, असा खोटा सांगावा जमीनदारांच्या बाजूने फिरला. हजारो वारली लाठ्याकाठ्या घेऊन जमले. तिकडे पोलिसांना कळवलं गेलं की दंगा होतोय. गोळीबारात जेठ्या गांगडसह पाचजण पडले. तरी लोक जागचे हलेनात. बाईंनी बोलावलंय, मग त्या येईपर्यंत जायचं कसं? सरकारदरबारी या गर्दीची नोंद बंड म्हणून झाली. मला त्यात दिसतो तो आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला माणूस म्हटल्यावर बसलेला विश्वास.

गडचिरोलीत खरोखरच बंदूक आली, नक्षलवाद्यांची, १९८० च्या सुमारास, प्राणहिता ओलांडून. तिला रुजायला माती तयार होती. तेंदूपानाच्या पुड्याला मिळणारे पैसे नगण्य, बांबूची काठी तोडली तरी गार्डाला कोंबडी द्यायची, आणि सरकार म्हणजे जंगलखातं नाहीतर पोलीस. मजुरी वाढली, गार्ड वचकले, हे खरं. पण पुढे खबऱ्या ठरवून ज्यांचे गळे चिरले तेही बहुतेक आदिवासीच होते; त्याचं समर्थन मी कुठल्याही तत्त्वज्ञानाने करणार नाही. २००९ मध्ये याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला जंगलावरचा सामूहिक हक्क कायद्याने मिळाला, एक गोळी न सुटता. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती आणि त्याच्या साठ साथीदारांनी गडचिरोलीत हत्यारं खाली ठेवली.

भोर-वेल्ह्यात आता रिसॉर्ट आहेत, फार्महाऊसची कुंपणं आहेत. त्यांच्यापल्याड कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. पावसाळा सरता सरता मुकादम येतो, घरातल्या आजारपणाला, सणाला उचल देतो. दिवाळीनंतर एका टेम्पोत माणसं, भांडी, कोंबड्या, पोरं असं सगळं भरून वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातं. उन्हाळ्याअखेर हिशेब होतो तो मुकादमाच्या वहीत, आणि उचल फिटलेली नसते.