कुंडीतून गेले, कुंडीतून आले



पावसाळा लागला की आमच्या शेतकी ऑफिसात एखादे पोर हमखास बाटली घेऊन येते. "साप धरलाय, साप!" बाटलीत असतो वीतभर, काळपट, गांडुळासारखा वाळा. कानात शिरतो म्हणून मंडळी त्याला ठेचतात. अहो, तो बिनविषारी. मुंग्या-वाळवीची अंडी खाऊन जगतो, त्याला तुमच्या कानाचे काय करायचे?

ह्या वाळ्याने मात्र जग पालथे घातले आहे. मूळचा तो आपल्या दक्षिण आशियातला मानतात. गेला कसा, तर झाडांच्या मुळांशी असलेल्या मातीतून. उसासाठी एकेकाळी नावाजलेल्या हवाई बेटांत तो 1930 च्या सुमारास फिलिपाइन्सच्या झाडांबरोबर पोचला. ह्या जातीत नरच सापडत नाही. मादी एकटीच अंडी घालते, म्हणजे कुंडीत एक जीव गेला की काम झाले! इंग्रजीत त्याचे नावच 'कुंडीतला साप' पडले आहे.

वाळा गरीब, म्हणून हसून सोडायचे. पण त्याच हवाईत 1999 साली दिसलेली परदेशी आगमुंगी रोपवाटिकेच्या कुंड्यांबरोबर पसरली. ती माणसाला डसते, जनावरांचे डोळे बिघडवते.

आता आपल्याकडचे बघा. आफ्रिकेतली मोठी शंखी गोगलगाय 1847 साली एका साहेबाने मॉरिशसहून कलकत्त्याला मुद्दाम आणली. पुढे तिला कुणी हाताला धरून नेले नाही. माती, रोपे, कुंड्या, गाडीतला माल, मिळेल त्यातून ती देशभर गेली. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे गोगलगायींनी सोयाबीनचे कोवळे कोंब फस्त केले, कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. तिची अंडी साबुदाण्यासारखी, मातीच्या आत. वरून कुंडी कशी टवटवीत दिसते!

आम्हांला काळजी आहे ती बंगल्यापुढच्या हौसेच्या कुंडीची. तीच पुढे बांधावर जाते आणि बांधाला लागून ऊस. तेव्हा बाहेरून आणलेली कुंडी आठ-पंधरा दिवस फरशीवर वेगळी ठेवा, उचलून बुडाचे भोक पाहा, वरची माती उकरून बघा. गोगलगाय दिसलीच, तर गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट संध्याकाळी बांधाकडेला टाकावे. सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात आणि मिठाच्या पाण्यात बुडवाव्यात. गूळ तर आपल्या घरचाच आहे.