सामाजिक अंकेक्षण

सामाजिक अंकेक्षण म्हणजे सार्वजनिक निधीतून झालेल्या कामांची नागरिकांनी नोंदी व प्रत्यक्ष काम पाहून केलेली पडताळणी होय. आर्थिक लेखापरीक्षणात प्रामुख्याने हिशेबाची कागदपत्रे तपासली जातात. सामाजिक अंकेक्षणात कागदावरील नोंद आणि जागेवरील वस्तुस्थिती यांचा मेळ घातला जातो.

पार्श्वभूमी

मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी राजस्थानातील कोटकिराना येथे जनसुनावणी घेतली. तीत विकासकामांच्या नोंदी गावकऱ्यांसमोर वाचून दाखवण्यात आल्या. पुढे अशा पडताळणीला कायद्याचा आधार मिळाला. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमी अधिनियम संमत केला होता. त्याच धर्तीवरील २००५ च्या केंद्रीय अधिनियमाच्या कलम १७ ने कामांवर देखरेख ठेवण्याचे व नियमित सामाजिक अंकेक्षण करण्याचे काम ग्रामसभेकडे सोपवले. हजेरीपट, देयके, मोजमाप पुस्तिका इत्यादी दस्तऐवज ग्रामसभेला उपलब्ध करून देणे ग्रामपंचायतीवर बंधनकारक झाले.

कार्यपद्धती

२०११ च्या नियमांनुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत सहा महिन्यांतून किमान एकदा अंकेक्षण अपेक्षित होते, आणि त्यासाठीची यंत्रणा काम राबवणाऱ्या यंत्रणेपासून स्वतंत्र असावी, अशी अट होती. धाराशिव जिल्ह्याच्या परांडा तालुक्यातील सोनारीसारख्या गावात विहीर, बांध किंवा शेतरस्ता यांचे काम झाल्यास प्रथम नोंदी मिळवल्या जातात. नंतर कामाचे माप घेतले जाते व हजेरीपटावरील मजुरांच्या घरी जाऊन कामाचे दिवस आणि मिळालेली मजुरी विचारली जाते. शेवटी निष्कर्ष ग्रामसभेत वाचले जातात. आपण त्या दिवशी कामावर होतो की नाही, हे मजुराइतके खात्रीने दुसरे कोणी सांगू शकत नाही. या पद्धतीचे बळ त्यातच आहे.

माहितीच्या अधिकाराशी संबंध

रोजगार हमीबाहेरील कामांसाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ उपयोगी पडतो. त्यातील माहितीच्या अधिकारात दस्तऐवजांच्या प्रतींबरोबरच कामाची पाहणी करणे व साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे यांचाही समावेश होतो. त्यामुळे रस्त्याच्या अंदाजपत्रकाची प्रत मागणारा नागरिक त्या रस्त्यात वापरलेल्या साहित्याचा नमुनाही मागू शकतो.

मर्यादा

अंकेक्षणातून त्रुटी उघड होतात. वसुली व कारवाई मात्र प्रशासनावर अवलंबून असते. ज्याच्याकडे रोज मजुरीला जायचे त्याच्याविरुद्ध सभेत बोलणे मजुराला अवघड जाते. ग्रामसभा केवळ सह्यांपुरती भरली, तर अंकेक्षणही कागदावरच उरते.